चिडी रोजा पुरे आहे

रमजानचा पहिला आठवडा उलटला की वर्तमानपत्रांच्या तालुका पानांवर एक छोटी चौकट दिसू लागते. डोक्यावर नवी टोपी, अंगात झगमगीत शेरवानी, गळ्यात फुलांचा हार, कधी नोटांचाही, आणि कॅमेऱ्याकडे पाहून धड हसताही न येणारा, दमलेला एक चेहरा. खाली दोन ओळी असतात. अमुक वर्षांच्या चिमुकल्याने पहिला रोजा पूर्ण केला, त्याचे सर्वत्र कौतुक होत आहे. चांदवड असो, मनमाड असो, येवला की मालेगाव, मजकूर सहसा बदलत नाही. बदलतो तो वयाचा आकडा. कुठे नऊ, कुठे सात, हल्ली पाच आणि क्वचित चारही.

हिंदू किंवा जैन वाचक ती चौकट वाचतो, मुलाचे कौतुक करतो आणि मनात आलेला प्रश्न मनातच ठेवतो. एवढ्याशा लेकराला दिवसभर पाण्याचा थेंबही देत नाहीत का? प्रश्न साधा आहे, माणुसकीचा आहे. पण तो तोंडाने विचारला तर समोरच्याला टोमणा वाटेल, ही भीती असते. आणि ती खोटी नाही. बाहेरच्याने विचारले तर त्यात टोमणा शोधला जातो आणि घरातल्या दादीने विचारले तर तिला गप्प केले जाते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कोणी न विचारता, मुसलमान घरांनीच द्यायला हवे. ते उत्तर असे की, नाही, धर्माने हे सांगितलेलेच नाही.

रोजा फर्ज होतो तो मूल वयात आल्यावर. त्याआधी त्याने रोजा सोडला तर गुन्हा नाही, नंतर भरून काढण्याचे ओझेही नाही. मोठ्या माणसांनासुद्धा आजारपणात आणि प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुराणात आहे, आणि तिथेच कारणही दिले आहे की अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, अडचण नको. मुलांबद्दलची एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रुबय्यि बिन्त मुअव्विज या सहाबी स्त्री मदिनेतल्या आशुराच्या रोजाची आठवण सांगतात. त्या बायका मुलांनाही रोजा धरायला लावत आणि मूल भुकेने रडू लागले की लोकरीचे खेळणे पुढे करून इफ्तारच्या वेळेपर्यंत त्याचे मन रमवत. लहान मुलांनी रोजा धरावा, याचा पुरावा म्हणून ही हदीस नेहमी सांगितली जाते. सांगणारे खेळण्यापाशी मात्र थांबत नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या आयांनी आधी मुलाच्या हातात खेळणे दिले होते. हार घातला नव्हता, गल्लीत मंडप टाकला नव्हता. मूल रडते आहे हे त्यांना दिसत होते आणि ते लपवावेसे वाटले नव्हते.

आता चांदवडचे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. मुंबई-आग्रा महामार्गावर वडिलांचे गॅरेज किंवा बाजारात फळांची गाडी, घरात दादी, आई, दोन मोठ्या बहिणी आणि पहिलीतला एक मुलगा. रात्री झोपताना तो आईला बजावतो, ‘अम्मी, सहरी को मेरे को भी उठाना हां.’ आई हो म्हणते आणि उठवत नाही. पण भांड्यांच्या आवाजाने तो स्वतःच उठतो, डोळे चोळत दस्तरखानापाशी येऊन बसतो, दूध-पोळी खातो, सगळ्यांबरोबर नीयत म्हणतो आणि तिथेच कलंडतो. सकाळी शाळेत जाताना सगळ्यांना सांगत सुटतो की आज माझा रोजा आहे. दहा वाजेपर्यंत तो रोजा कडक असतो. साडेदहाच्या सुट्टीत तो अडचणीत येतो. बाराला घरी आल्यावर दादी त्याला कोपऱ्यात घेते आणि सांगते की तुझी चिडी रोजा आहे, चिमणीला काय सहा-सात तास उपाशी ठेवायचे असते का, अर्ध्या दिवसाची चिमणीची रोजा मोठ्यांच्या रोजाइतकीच कबूल होते. मग भात खाऊन, वर लिंबू सरबत पिऊन, संध्याकाळी तो पुन्हा इफ्तारला सगळ्यांच्या आधी बसतो. एका दिवसात दोन रोजे झाले, असा त्याचा हिशोब असतो. (उर्दूत रोजा पुल्लिंगी आहे, पण चिडीच्या जोडीला आल्यावर पुष्कळ घरांत तो बायकी होतो. व्याकरणकारांनी दादीशी वाद घालू नये.)

चिडी रोजा ही काही फसवणूक नाही. ती उर्दू बोलणाऱ्या घरांतली फार जुनी आणि फार शहाणी तोड आहे. मुलाला मोठ्यांच्या गोष्टीत वाटा हवा असतो, तो द्यायचा. आणि त्याच्या शरीराला जे झेपणार नाही ते मागायचे नाही. मराठी घरांत एकादशीचे असेच चालते. खिचडीच्या आशेने सगळ्यात आधी उपास जाहीर करतो तो घरातला सहा वर्षांचा, आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण बहुधा त्याच्याकडे पाहूनच तयार झाली असावी. नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या बायका नऊ दिवस उपास धरतात, पण कडेवरच्या पोराच्या हातात केळे असते. ते केळे पाहून कोणाचीही श्रद्धा कमी झालेली ऐकिवात नाही.

मग चौकटीतला तो फोटो कुठून आला? मुलाचा पहिला पुरा रोजा झाला की घरी चार माणसे बोलावून इफ्तार करायची, मुलाला नवे कपडे घालायचे, दुआ द्यायची, ही रोजाकुशाईची पद्धत जुनीच आहे आणि गोडही आहे. बिघडले ते पुढे. चार माणसांची चाळीस झाली. घरातल्या दस्तरखानाच्या जागी मंडप आला. नात्यातल्या एका मुलाची रोजाकुशाई सातव्या वर्षी झाली की दुसऱ्या घरात सहाव्या वर्षाची तयारी सुरू होते. मोबाइलवर फोटो फिरतात, खाली माशाअल्लाह लिहिले जाते, आणि ज्या आईने मुलाला दुपारी जेवू घातले, तिलाच आपले काही चुकले असे वाटू लागते. इथे खरी गोम आहे. स्पर्धा मोठ्यांची असते, उपाशी मात्र मूल राहते.

शरीराचा हिशोब सरळ आहे. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि तो मोठ्या माणसापेक्षा लवकर संपतो. खेळणारे, धावणारे मूल पाणीही वजनाच्या मानाने जास्त गमावते. यंदा फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत रमजान आहे. सहरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत आपल्याकडे साधारण तेरा तास होतात. मार्चच्या दुपारी चांदवडचे ऊन काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेरा तास पाण्याशिवाय काढलेले सहा वर्षांचे मूल संध्याकाळी गप्प बसलेले असते आणि घरचे म्हणतात, बघा, किती समजूतदार झाला आहे.

आणि घाई तरी कशाची आहे? हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश येण्याच्या महिनाभर आधी, १९६० च्या मार्चअखेरीस, अशीच ईद झाली होती. आजच्या दादीची ती लहानपणची ईद. २०१८ मध्ये रमजान मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता आणि रोजा साडेचौदा तासांच्या घरात गेला होता. आता तो थंडीकडे चालला आहे. २०३० मध्ये तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे आज सात वर्षांचा असलेला मुलगा जेव्हा अकरा-बारा वर्षांचा होईल, रोजाच्या जबाबदारीच्या उंबरठ्यावर येईल, तेव्हा दिवस वर्षातले सगळ्यात लहान आणि सगळ्यात थंड असतील. चंद्रानेच या पिढीच्या मुलांची सोय करून ठेवली आहे. ती सोडून मार्चच्या उन्हात पाच वर्षांच्या मुलाला बसवण्यात कोणते पुण्य आहे?

याचा अर्थ मुलाला रमजानपासून दूर ठेवावे असा नाही. उलट तक्रार अशी आहे की रोजाच्या फोटोत मुलाला पुढे करणारेच त्याला बाकी ठिकाणी मागे ढकलतात. तरावीहच्या नमाजात हे रोज दिसते. मुले मागच्या रांगेत कुजबुजतात, एकाला हसू येते, मग सगळ्यांना येते. सलाम फिरवताच कोणीतरी वडीलधारा मागे वळून असा ओरडतो की त्या ओरडण्यानेच जास्त लोकांचे लक्ष उडते. पैगंबर साहेबांबद्दल हदीसींमध्ये आहे की जमातीत मूल रडल्याचे ऐकू आले की आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते नमाज आटोपती घेत, आणि एकदा तर नातीला, उमामाला, अंगावर घेऊनच त्यांनी नमाज पढवली. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. ज्या मशिदीत हे घडले, तिचे दाखले देणाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलाच्या हसण्यावर एवढे रागवू नये. मशिदीतून हाकललेले मूल कुठे जाते, हे कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या उजेडात पाहायला मिळते.

मुलाचा खरा रमजान संध्याकाळी सहानंतर सुरू होतो. हा द्राक्षांचा हंगाम आहे. मेच्या रमजानात दस्तरखानावर टरबूज आणि खरबूज असायचे, आता निफाड-दिंडोरीकडची आणि चांदवडच्या आसपासच्या बागांतली द्राक्षे असतात. खजूर अरबस्तानातून येवो की इराकातून, ताटातला मोठा ढीग नाशिकच्या मातीचा असतो. फळे चिरून झाली की एक काम नेमके घरातल्या सगळ्यात लहान माणसाला मिळते, शेजारी ताट पोचवण्याचे. वर जाळीदार रुमाल टाकलेले ताट दोन्ही हातांनी धरून, भज्यांकडे न पाहण्याचा प्रयत्न करत, तो शेजारच्या दारात उभा राहतो. आतून आवाज येतो, ‘अगं, भाभींकडून ताट आलं बघ.’ काकू ताट रिकामे करतात, पण रिकामे परत देत नाहीत. साखर, नारळाची वडी, काही नाही तर चार द्राक्षे. रिकामे ताट परत द्यायचे नाही हा रिवाज दोन्ही घरांचा आहे आणि तो कोणत्या धर्माचा हे कोणी विचारलेले नाही.

हे ताट हल्ली कमी झाले आहे, हे मान्य करायला हवे. काही घरांत ते घेतले जाते आणि पुढे कोणाला तरी दिले जाते. मुलाला ते कळत नाही असे मोठ्यांना वाटते, पण मुलाला ते कळते. काही मुसलमान घरांतही दिवाळीचा फराळ आला की तो चालतो की नाही यावर चर्चा सुरू होते, आणि करंजी डब्यातच मऊ पडते. दोन्हीकडे पुढे करायला कारणे आहेत. बातम्या आहेत, भाषणे आहेत, मोबाइलवर आलेले कोणाचे तरी बोलणे आहे. पण सात वर्षांच्या मुलाला यातले काही माहीत नसते. त्याला एवढेच दिसते की गेल्या वर्षी काकूंनी दार उघडून आत बोलावले होते आणि यंदा दारातूनच ताट घेतले. किंवा अम्मीने काकूंचा डबा उघडलाच नाही. आपण कोण आणि ते कोण, हा धडा त्याला कोणत्याही शाळेत शिकवलेला नसतो. तो अशा दारात उभा राहून शिकतो. म्हणून ताट नेणे हे पहिल्या रोजापेक्षा मोठे काम आहे, आणि ज्या घरांनी ते थांबवले आहे त्यांनी, कोणत्याही बाजूच्या, यंदा पुन्हा सुरू करावे. पहिल्या दिवशी थोडे अवघड जाईल.

त्यासाठी याहून चांगले वर्ष शोधूनही मिळणार नाही. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ मार्चला. एका दारावर गुढी उभी, दुसऱ्या घरात चाँदरातीची मेहंदी, आणि किराणा दुकानात एकाच रांगेत श्रीखंडाची साखर आणि शीरखुर्म्याची साखर. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि त्यापाठोपाठ एक-दोन दिवसांत, चंद्र दिसेल तशी, ईद. चंद्राची ही दोन पंचांगे एवढी जवळ रोज येत नाहीत. मराठी पंचांगात साधारण तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो आणि सण ऋतूशी बांधलेले राहतात. हिजरी कालगणनेत तो नाही, म्हणून ईद पुढच्या वर्षी पाडव्याला सोडून मागे सरकेल. दोन्ही घरांतली मुले एकाच आठवड्यात नवे कपडे घालतील, एकमेकांना दाखवतील, असे पुन्हा घडायला मोठा काळ जावा लागेल. तोपर्यंत ती मुले मुले राहणार नाहीत.

चाँदरातीच्या गडबडीत शीरखुर्म्याच्या शेवया भाजताना मुलाला पुन्हा एक काम मिळते, चारोळ्या निवडण्याचे, आणि त्यातल्या निम्म्या कुठे जातात हे आई विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ईदगाहवर वडिलांचे बोट धरून जाणे, परत येताना सगळ्यांना गळाभेट, मग ईदी. ईदीच्या कोऱ्या नोटांवरून सहज आठवते ते चांदवडचे जुने नाणे. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती आणि चांदोरी रुपया इथून बाहेर पडत असे. गावात अहिल्याबाईंचा रंगमहाल, पण नाण्यावर मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशाहाचे. टांकसाळीचे नावही जाफराबाद उर्फ चांदोर असे दुहेरी. त्या काळच्या चांदवडच्या मुलाला जत्रेत किंवा ईदला मोठ्यांनी नाणे दिले असेल, तर दोन्ही वेळा तेच दिले असेल.

ईदी घेऊन जत्रेत गेलेल्या मुलाची गोष्ट हिंदी-उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रेमचंदांचा हमीद तीन पैशांत खेळणी न घेता दादी अमिनासाठी चिमटा आणतो, कारण पोळी भाजताना तिची बोटे पोळतात. ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. त्याच १९३३ च्या फेब्रुवारीत चांदवडपासून पासष्ट-सत्तर किलोमीटरवर, नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. एकाच वर्षी दोन भाषांत, दोन धर्मांच्या घरांतली दोन गरीब मुले साहित्यात आली आणि दोघांनीही आपापल्या घरच्या बाईचे कष्ट पाहिले होते. शाळेत आजही हमीद शिकवला जातो तेव्हा शिक्षक त्याचा त्याग समजावून सांगतात. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. हमीद चार-पाच वर्षांचा आहे आणि प्रेमचंदांनी त्याला रोजा धरायला लावलेला नाही. गावातल्या मुलांपैकी कोणी एक रोजा, तोही दुपारपर्यंत, धरलेला असतो, कोणी तोही नाही, आणि ईदचा आनंद मात्र सगळ्या मुलांच्या वाट्याचा असतो. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या खेड्यातही चिडी रोजा चालत होता, फक्त लेखकाला त्याचे नाव सांगावेसे वाटले नाही.

राहता राहिला फितरा. ईदच्या नमाजापूर्वी ऐपत असलेल्या घराने माणशी सुमारे दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, म्हणजे त्याच्याही घरी ईद व्हावी. हा फितरा रोजा धरणाऱ्यांपुरता नाही. रोजा न धरलेल्या मुलाच्या नावाने बाप देतो, आणि चाँदरातीला जन्मलेल्या बाळाच्या नावानेही. मुलाच्या वाट्याला धर्माने उपास ठेवला नाही, पण देण्यातला हिस्सा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवला. बहुतेक घरांत हे पैसे अब्बा परस्पर मशिदीत देऊन येतात आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. त्याऐवजी गहूच आणावेत. तराजू नसेल तर घरातल्या मापाने मोजावेत, माणशी एक ढीग, दादीचा, अब्बांचा, अम्मीचा, दोन्ही बहिणींचा, आणि शेवटचा त्याचा स्वतःचा. तो त्यानेच पिशवीत भरावा आणि ज्या घरी द्यायचा तिथे त्यानेच न्यावा. त्या वेळी मात्र फोटो काढू नये. घेणाऱ्या घरातही कदाचित त्याच्याच वर्गातला एक मुलगा असेल.